तिच्या वाटची खरवड

“ढवळू नको! पळी खाली ठेव आधी, पळी!”

बहरीनमधल्या बुदैयातल्या आमच्या अंगणात, शुक्रवारच्या भर दुपारी, आमचा वसईकर मित्र असा ओरडला की शेजारच्या शेतातल्या खजुराच्या झाडांनी दचकून शेर-दोन शेर खजूर खाली टाकले. फेब्रुवारीत झाडांना खजूर नसतात, हे मलाही ठाऊक आहे. पण आवाजच तसा होता. हा माणूस झल्लाकच्या एका हॉटेलात आचारी, तीस जणांवर ओरडायची रोजची सवय. मी पळी खाली ठेवली. दुसऱ्या हातात पाण्याचं भांडं होतं.

“तेही ठेव.”

“अरे, भात लागतोय. वास येतोय बघ.”

“लागू दे. त्याच्यासाठीच तर एवढी लाकडं जाळतोय ना?”

खरं होतं ते. पण भात लागला म्हणजे घराची अब्रू गेली, हे ज्याला लहानपणापासून शिकवलंय त्याचा हात पाण्याच्या हबक्याकडे आपोआप जातो. आणि आज आम्हाला भात लागूच द्यायचा होता. बायकोसाठी.

तिची चव गेली होती. आदल्या वर्षीच्या उपचारांत जी गेली ती गेलीच. डॉक्टर म्हणाले, येईल परत. कधी, विचारलं तर इंशाल्ला. स्वयंपाक ती अंदाजानं करायची, मीठ मी चाखून सांगायचो. जेवायला बसली की पुढ्यातलं सगळं संपवायची, ऑफिसात आयडीचा फॉर्म भरावा तसं. तक्रार नाही, काही नाही. मीही पुढे पुढे काही वाटून घेणं सोडून दिलं. नुसता बोलत राहायचो.

मग एक दिवस मीच म्हटलं, स्पेनला जाऊ. तिथली माणसं दिवसातून पाच वेळा खातात, एखाद्या वेळी तरी सापडेल. दोन आठवड्यांची लीव्ह टाकली आणि उत्तरेकडून सुरुवात केली. गॅलिसियात लाकडी ताटलीत ऑक्टोपसचे काप, वर लाल तिखटाची भुकटी आणि ऑलिव्हचं तेल, काटा-चमचा नाही, टोचायला नुसत्या काड्या. त्या ऑक्टोपसला आठ हात होते आणि मी त्यातले अकरा खाल्ले. अस्तुरियासमध्ये सफरचंदाची दारू ओतणारा बाटली डोक्याच्या वर धरतो, पेला गुडघ्यापाशी, आणि पेल्याकडे बघतही नाही. मी सांगतो तेव्हा बाटली दुसऱ्या मजल्यावर असते. ओतलेला घोट तिथल्या तिथे संपवायचा, तळाचा थेंब जमिनीवर टाकायचा आणि तोच पेला पुढच्याला द्यायचा. पेला पुढे आला तसे बायकोने हात मागे घेतले. उष्टं तिला चालत नाही. तिच्या ताटातला घास मी उचलला तर ती ताट बदलते.

प्रत्येक पदार्थाला मी विचारायचो, कसं आहे. ती सांगायची, मऊ आहे. गार आहे. मग चवीचं वर्णन मीच करायचो, रेडिओवर क्रिकेटची कॉमेंटरी करतात तसं. ती ऐकून घ्यायची.

शेवटी वॅलेन्सियाजवळचं एक गाव, चारी बाजूंनी भातखाचरं. तिथे रविवारी पुरुष माणसं अंगणात, संत्र्याच्या लाकडांवर भात करतात. कढई म्हणजे हेलिकॉप्टर उतरेल एवढी, पण खोली चार बोटं. त्यात कोंबडी, ससा, शेंगा, पावट्यासारखे थोराड पांढरे दाणे, केशर. तांदूळ पडला की कोणी हात लावायचा नाही. कढई तशीच टेबलावर येते. ताटं नाहीत, प्रत्येकाला एक लाकडी चमचा. काठापासून मधापर्यंत आपापला त्रिकोण खायचा, शेजाऱ्याच्या हद्दीत शिरायचं नाही.

मी म्हटलं, आता ही उठणार. तिने कढईकडे बघितलं, चमच्याने आपली हद्द आखून घेतली आणि बसली. वरचा भात संपल्यावर तळाची खरवड आली. त्या खरवडीसाठी ते लोक एकमेकांना कोपरं मारतात. आपल्याकडे ती भांडं घासणारीच्या वाट्याला. बायकोने खरवडून तोंडात टाकली, चावली आणि थांबली.

“कडवट आहे,” ती म्हणाली.

आठ महिन्यांतली पहिली चव. मी त्यावर एक शब्द बोललो नाही, याला अख्खं गाव साक्षी आहे. जेवण संपल्यावरही तिथे कोणी उठत नाही, टेबलाशीच दोन-दोन तास गप्पा. तीही बसून राहिली, चमचा हातात तसाच. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गावात पुन्हा तसाच भात मागवला. काही नाही.

तरी मी धरून बसलो, एकदा झालंय तर पुन्हा होईल. परत आल्यावर बाब अल बहरीनच्या मागच्या गल्लीतून केशर आणलं. शेजारच्या शेतकऱ्याने लिंबाच्या छाटलेल्या फांद्या दिल्या. मी कांदा चिरायला घेतला तर वसईकराने सुरी काढून घेतली, त्या भातात कांदा पडत नाही म्हणाला. आता तो कढईला कान लावून बसला होता. तड-तड ऐकू आली.

“खलास. उतरव.”

तिघं बसलो, तीन चमचे. वसईकर आणि मी मुकाट जेवलो, तुम्ही विश्वास ठेवणार नाही. तळ आला. खरवड खालून लालसर-काळी सुटली, पाहिजे तशीच. वसईकराने आपल्या वाट्याची सगळी चमच्याने रेटून हद्दीपलीकडे तिच्याकडे ढकलली.

“वहिनी, ही तुमची.”

त्याचा चमचा तिच्या भातात गेला होता. तिने बघितलं, पण चमचा ठेवला नाही. त्याची खाल्ली, आपली खाल्ली, कढईच्या काठाला चिकटलेलीही काढून खाल्ली. बराच वेळ चावत होती. वसईकर विझलेल्या लाकडांकडे बघत बसला.

“काही?” मी विचारलं.

“नाही,” ती म्हणाली. “तुम्ही घ्या ना, गार होतंय.”