मागून चालणाऱ्यांसाठी टायर

टायर घ्यायला आलेला माणूस आधी किंमत विचारतो, मग कंपनी. रथवाले काकाजी मात्र मला दंडाला धरून गाडीच्या मागे नेऊन उभं करायचे आणि म्हणायचे, "इथून पाह्य. मांगून कशी दिसते, ते सांग." नागपुरात कळमन्याच्या बाजाराच्या रस्त्यावर माझं टायरचं दुकान आहे. धान्याच्या, संत्र्यांच्या, भाजीच्या गाड्या दिवसभर येत असतात. पण मागून कशी दिसते याची काळजी वाहणारी गाडी त्यांची एकटीच होती, कारण तिच्या मागून माणसं पायी चालत.

काकाजींची पिकअप म्हणजे स्वर्गरथ. साधी मालवाहू गाडी, वर पत्र्याचं छत, दोन्ही बाजूंना बसायला बाकडी आणि मधोमध तिरडीची जागा. नागपुरात दवाखान्यात माणूस गेला की त्याला गावी पोचवायचं, हे त्यांचं काम. डांबरी सडकेवरून नेणारे बरेच होते. भर पावसाळ्यात उमरेडच्या, कुहीच्या आतल्या गावात जायचं म्हटलं की बाकीच्यांचे फोन लागत नसत. काकाजींचा लागे. अंगानं काटकुळे, शर्ट कायम पांढरा आणि इस्त्रीचा, बोलणं असं की हा माणूस आपल्यावर चिडलाय असंच वाटावं. तो त्यांचा साधा आवाज होता, हे कळायला मला बरेच दिवस लागले.

हे काम काहून धरलं, असं एकदा मी विचारलं. चहा समोर होता. त्यांचं गाव उमरेडच्या पलीकडे, घरी हातमाग, वडील विणकर. वडील नागपुरात वारले ते पावसाळ्यात. धान्याच्या गाडीत घालून गावी आणलं. स्मशानघाटाच्या अलीकडे नाला आहे, तिथल्या काळ्या मातीत चाकं जागच्या जागी फिरायला लागली. मग सगळे भाऊ मागून लागले.

"बापाले खांदा द्याचा असते गा," काकाजी म्हणाले. "आम्ही त्याले धक्का मारला. आतमंदी ते इकडून तिकडं हालून राहिले होते, अन् आम्ही जोर लावून राहिलो होतो."

चहा तसाच निवला. त्यांनी तो गार चहा पिऊन टाकला आणि उठले. तो विषय आमच्यात पुन्हा कधी निघाला नाही. पण एक वाक्य ते दर पावसाळ्याच्या तोंडी ऐकवत: "माह्या गाडीले मांगून कोणाच्या पोराचा हात लागला नाही पाह्यजे."

साध्या टायरवर ते जमेना. स्वर्गरथात वजन ते किती असणार? मागची चाकं हलकी राहतात, काळी माती टायरच्या खाचांत भरते आणि टायर पार गुळगुळीत होऊन जातो. एका वर्षी काकाजींनी हट्टच धरला, जंगलातल्या जीपला घालतात तसे मोठाल्या ठोकळ्यांचे चिखलाचे टायर हवेत. मी म्हटलं, काकाजी, डांबरावर हे घरघर करतील, तुमच्या कामाला नकोत.

"तू टायर विकून राहिला का अक्कल?"

मी टायर विकले.

त्याच पावसाळ्यात प्रताप नगरातले माझे शेजारी गेले. निवृत्त शिक्षक, आम्ही त्यांना गुरुजी म्हणायचो. त्यांना गावी न्यायला मीच काकाजींना बोलावलं. सडकेवर त्या टायरांचा आवाज इतका, की गाडीत बसलेल्या बायकांना आपलं रडणंही ऐकू येईना. गावापासून घाटापर्यंत आम्ही मागून पायी निघालो. गाडी कुठेही अडकली नाही, अडकणारच नव्हती. पण ते ठोकळे चिखल उपसून मागे फेकायला लागले. पांढऱ्या सदऱ्यांवर, टोप्यांवर, आणि मग गुरुजींच्या मुलीच्या तोंडावर. तिनं पदरानं चेहरा पुसला आणि चालत राहिली. काकाजींनी आरशात पाहिलं असावं. गाडी थांबवून ते खाली उतरले, तिच्यासमोर हात जोडून उभे राहिले. पुढचा रस्ता गाडी इतकी हळू नेली की आम्हीच तिच्या पुढे जाऊ लागलो.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधीच ते पायरीवर बसलेले. "काढ हे."

मग त्यांनी जे केलं, ते माझ्या दुकानात आजवर कोणी केलेलं नाही. डांबरावर शांत आणि चिखलातही चालणारे, ज्यांना ऑल-टेरेन म्हणतात, त्यातले दोन प्रकार मी काढले. त्यांनी मागच्या एका चाकाला एक आणि दुसऱ्याला दुसरा असे चढवायला लावले, दुकानामागच्या चिखलात गाडी घातली आणि खिडकीतून ओरडले, "मांगून चाल गा!"

"काकाजी, माझे कपडे!"

"त्याच्याचसाठी चाल म्हणून राहिलो नं बाप्पा!"

मी माझ्याच दुकानामागे, माझ्याच गिऱ्हाइकाच्या स्वर्गरथामागून, मान खाली घालून चाललो. समोरचा चहावाला कपाळावर हात मारून घेत होता. डावीकडच्या टायरनं मला खिशापर्यंत रंगवलं. उजवीकडच्यानं चिखल उडवला तो घोट्यापर्यंतच, आणि मातीही धरून ठेवली. काकाजी उतरले, माझ्या शर्टाकडे बघितलं आणि उजव्या चाकावर थाप मारली. "हा." डावा टायर मला पुढे सेकंडहँडमध्ये विकावा लागला, याचं त्यांना काडीचंही वाईट वाटलं नाही. निघताना, चिखलात हवा थोडी कमी ठेवायची, म्हणजे टायर पसरतो आणि माती धरतो, हे त्यांनी मला असं समजावलं जणू दुकान त्यांचंच होतं.

यंदाच्या पावसाळ्यात काकाजी गेले. जेवून हात धुतला, भिंतीला टेकले आणि संपलं. त्यांच्याच गाडीतून त्यांना गावी नेलं, गाडी पुतण्या चालवत होता. घरासमोर काकू माझ्याजवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "बाबू, टायरमंदी हवा बरोबर आहे नं? तुम्ही एक डाव पाहून घ्या. त्याइले मंग आवडणार नाही." मी गुडघे टेकून खाली बसलो. चारही चाकांतली थोडी थोडी हवा सोडली. डोळे भरून आले होते, त्यामुळे मापाचा काटा नीट दिसत नव्हता.

घाटाच्या अलीकडचा तो नाला आला. तीच काळी माती, तसाच पाऊस. चढाला गाडी जराशी डगमगली आणि आम्ही सगळे न सांगता धक्का द्यायला धावलो. खरं सांगतो, मला हात लावायचा होता. त्या माणसासाठी तेवढं तरी करावं असं फार वाटत होतं. पुतण्यानं खिडकीतून ओरडून सांगितलं, "कोणी हात लावू नका! काकाजीनं बजावून ठेवलं आहे!"

गाडीनं दम घेतला, माती धरली आणि चढून गेली. आमचे हात पुढे केलेले तसेच राहिले. मी माझ्या शर्टाकडे पाहिलं. पांढराच होता.

घाटावर त्यांना खाली उतरवलं तेव्हा मात्र कोणी अडवलं नाही. मी गर्दीतून पुढे झालो आणि काकाजींना खांदा दिला.