चहात बुडालेलं लुगडं

लुगडं टबातून वर काढलं, काठ उलटून पाहिला आणि पुन्हा एकदा पाहिला. कॉपीच्या काठामागे सुटे धागे होते. याच्यामागे एकही नव्हता. म्हणजे हे ओरिजिनल होतं.

पेडण्यात आमचं शूटिंग चालू होतं. एका जुन्या, गाजलेल्या कादंबरीवरची सिरियल, पोर्तुगीज काळातलं घराणं. मी कॉस्च्युम डिझायनर. कारापूरच्या सुमतीबायनी त्यांच्या आईचं लग्नातलं लुगडं मला नमुन्यासाठी दिलं होतं. त्यावरून मी कॉपी विणून घेतली. नायिका तेच लुगडं वीस वर्षांनी पुन्हा नेसते, म्हणून कॉपीचं एजिंग करायचं होतं. एजिंग म्हणजे नवा कपडा जुना दिसेल असा करणं. त्याचा पदर सँडपेपरने घासायचा, मग तो चहाच्या पाण्यात भिजवायचा.

"शैलाताई, हे कुठून उचललंत?"

शैलाताई माझी ड्रेसर. पंधरा वर्षं याच कामात. "टेबलावरनं. टॅग तुम्हीच लावलाय, मॅडम."

टॅगवर अक्षर माझंच होतं. दोन्ही लुगडी शेजारी ठेवून घाईत मी चुकीच्या लुगड्याला टॅग टाचला होता. घासून पदर दोन ठिकाणी विरून फाटला होता.

एक्झिक्युटिव्ह प्रोड्युसर आला. त्याने एका मिनिटात तोडगा काढला.

"कॉपी देऊन टाक. बाईंना मोतीबिंदू आहे ना? कळणार नाही."

"अहो, त्यांच्या आईचं आहे ते!"

"मग सांगून काय होणार? फाटलेलं जुळणार आहे?"

नायिकेला दुसरी साडी दिली आणि दोन्ही लुगडी घेऊन निघाले. खरं सांगते, वाटेत मी पिशवीत कॉपी वर ठेवली होती.

सुमतीबाय घराच्या सोप्यावर, म्हणजे पुढच्या ओसरीवर, नवऱ्याशेजारी बसल्या होत्या. मला बघून हसल्या. त्या हसण्यापुढे माझं खोटं टिकलं नाही. मी ओरिजिनल त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि सगळं सांगितलं.

त्यांनी पदर बोटांनी चाचपला. मग नाकाशी नेला.

"आवयचो वास गेलो गे," एवढंच म्हणाल्या. आईचा वास चहाने धुऊन नेला होता.

सून दारात उभी होती. ती हळू आवाजात म्हणाली, "आपले डोळे मिटल्यावर हेच नेसवा, असं सांगून ठेवलंय त्यांनी."

मला कोणी सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं. कॉपी पुढे केली, तर सुमतीबायनी ती हातानेच मागे सारली.

लुगडं मी दुरुस्तीसाठी मागून नेलं. एका जुन्या रफूगाराने चार महिने खपून पदर सांधला. चहाचा डाग फिका झाला, पण गेला नाही. लुगडं परत द्यायला गेले, तेव्हा सुमतीबायनी ते उजेडात, अगदी डोळ्यांपाशी धरून बराच वेळ पाहिलं.

"रफू दिसता," त्या म्हणाल्या.

"हो. माफ करा."

"दिसूं दी. मेल्ल्या बायलेचो पदर कोण तपासता?"

नवरा खाकरून दुसरीकडे बघू लागला. मला रडावं की हसावं कळेना.

आता मी कोणाच्या घरचा कपडा सेटवर आणत नाही. त्यांच्या घरीच बसून फोटो काढते, मापं घेते. आणि आधी विचारते, हा कशासाठी जपलाय?