तात्यांच्या आगरातली वाट

पुण्याहून रत्नागिरीला निघालो तेव्हा बायकोने बजावून सांगितलं, "तिकडे जाऊन रस्ते मोजत बसू नका." तिचं काही चुकलं नव्हतं. मी पुण्यात रस्त्यांच्या खात्यात कारकून. हमरस्ता, गल्ली, बोळ. सार्वजनिक की खाजगी. रुंदी किती, मालकी कोणाची. अकरा वर्षं हीच नोंदवही माझ्या पुढ्यात आहे. कुठल्याही गावी गेलो तरी देवळाआधी गटाराकडे नजर जाते, काय करणार!

या खेपेला मात्र बोलावणंच त्यासाठी होतं. बायकोचे मामा, तात्या, रत्नागिरीत मांडवीच्या बाजूला एकटेच राहतात. तीस वर्षं बोटीवर काढली, मामी गेल्या, मुलं मुंबईला. त्यांचं कार्ड आलं की नगरपालिकेची नोटीस आली आहे, जावईबापूंना त्यातलं कळतं, दोन दिवस आले तर बरं. जावई म्हणून बोलावणं पुष्कळदा येतं. कारकून म्हणून हे पहिलंच. माझी छाती जरा फुगलीच.

कुंभार्ली घाट उतरेपर्यंत ती पुन्हा जागेवर आली. प्रत्येक वळणाला शेजारच्या गृहस्थांची कांद्यांची पिशवी माझ्या मांडीवर येई आणि ते हसून माझीच विचारपूस करत. संगमेश्वरला एस.टी. थांबली. चहा प्यालो, बटाटेवडा हातात घेतला, पहिला घास तोंडात टाकला आणि कंडक्टरने घंटी मारली. अर्धा वडा बाकड्यावरच राहिला. त्याची चुटपुट मला हातखंब्यापर्यंत पुरली.

तात्यांचं घर पाहिलं आणि शीण गेला. बाजाराच्या रस्त्यावरून एक पाखाडी (जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची वाट) खाली उतरते, तात्यांच्या आगरात (घराभोवतीची नारळी-पोफळीची बाग) शिरते, त्यांच्या पडवीला चाटून जाते आणि पलीकडे समुद्राकडच्या वस्तीत निघते. दोन्ही बाजूंना गडगे (नुसते दगड रचून केलेलं कुंपण). रुंदी सहा फूट, मध्ये कुठे पाच. हे मी पाय धुवायच्या आधीच मोजून टाकलं. बायकोला सांगू नका.

तात्यांनी बांगड्याचं तिखलं स्वतः केलं होतं. तांदळाची भाकरी आणि सोलकढी. मी आडवा हात मारत होतो, पण यजमानांना काही धड जेवता येईना. दर दोन घासांना वाटेवरून हाक येई, "तात्या, जातंय हां!" आणि तात्या तोंडातला घास गालात सरकवून आतून ओरडत, "जा हो!" बाई असली तर, "जा गो!" मग त्यांनी सांगितलं. इथली रीतच आहे ती. दुसऱ्याच्या आगरातून जायचं तर घराला हाक द्यायची आणि पुढे व्हायचं. मुकाट्याने जायचं नाही.

जेवण झाल्यावर नोटीस वाचली. शहरातल्या सगळ्या वाटांची यादी होत होती आणि ही वाट 'सार्वजनिक रस्ता' म्हणून नोंदायची होती. हरकत असेल तर सांगा, जागेवर येऊन चौकशी करू, असं अगदी सभ्यपणे लिहिलं होतं; चौकशीची तारीख उद्याचीच होती. मी तात्यांना समजावलं. यात तुमचं एक पोफळही जात नाही. उलट पायऱ्यांची डागडुजी फुकट होईल आणि कोपऱ्यावर दिवा येईल. मग हरकत कशाला?

तात्यांनी नोटीस घडी करून ठेवली. मग म्हणाले, "बोटीवर तीस वर्षं मला सगळे हुद्द्यानं हाक मारायचे, जावईबापू. आता दिवसातून पन्नासदा कोणीतरी तात्या म्हणतंय. वाट सरकारी झाली की हाक कोण मारील?"

नोंदवहीत असल्या गोष्टीला रकाना नसतो. पण कायदा मला पाठ होता. लोक हक्काने जात असतील तर रस्ता सार्वजनिक. मालकाच्या परवानगीने जात असतील तर खाजगी. आणि इथे तर येणारा-जाणारा रोज हाक मारून परवानगी मागतो! मी तिथल्या तिथे फक्कड अर्ज खरडला. साक्षीदार हवेत म्हटल्यावर तात्यांनी वाटेवरच दोघांना गाठलं: मासे विकणारी सुगंधाबाई आणि पलीकडच्या वस्तीतले शाळामास्तर. दोघंही आनंदाने तयार झाली. दोघं काय सांगणार ते आधी विचारून घ्यावं, हे माझ्या पुण्याच्या डोक्यात आलंच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नगरपालिकेचे साहेब आले. तरुण, शांत माणूस. पडवीत बसून त्यांनी मास्तरांना विचारलं, इथून जाताना परवानगी घ्यावी लागते का? मास्तर तात्यांकडे बघून हसले. आज आपल्या माणसाची वाहवा करायची, असं ठरवूनच ते आले होते. म्हणाले, परवानगीचं नावच काढू नका साहेब, असा दिलदार माणूस अख्ख्या रत्नागिरीत नाही, यांनी जन्मात कोणाला अडवलं नाही. मी खोकलो. मास्तरांनी मला पाणी दिलं आणि पुढे चालू ठेवलं.

साहेबांनी सुगंधाबाईला विचारलं, "मग हाक कशाला मारता?"

"तात्या एकटा माणूस," ती म्हणाली. "आतून ओ आली की समजायचं, बरा हाय."

तात्यांनी मान खाली घातली. पंच्याच्या टोकाशी त्यांची बोटं नुसती चाळा करत होती.

साहेबांनी लिहिणं थांबवलं. त्यांनाही हे सोपं गेलं नसावं. त्यांनी तात्यांना अगदी हळू विचारलं की एकदा तरी, कोणालाही, तुम्ही अडवलंय का? मी डोळ्यांनी खुणावत होतो. एक 'हो' पुरला असता. तात्यांनी समोरच्या दोघांकडे पाहिलं आणि म्हणाले, "नाय साहेब. कोणालाच नाय."

साहेबांनी तिथेच शेरा लिहिला आणि वाट सार्वजनिक झाली. साहेब गेल्यावर मी साक्षीदारांना त्यांच्या कौतुकाने काय झालं ते सांगितलं. सांगायला नको होतं. सुगंधाबाईचं तोंड एवढंसं झालं. मास्तर चहा अर्धा टाकून उठले.

तिसऱ्या दिवशी माझी परतीची गाडी. तात्या उजाडल्यापासून पडवीत बसले होते. सात वाजले, आठ वाजले. वाटेवर चिटपाखरू नाही. मी वर पायऱ्यांपर्यंत जाऊन पाहिलं तर सुगंधाबाई डोक्यावर पाटी घेऊन बाजाराच्या रस्त्याने, केवढा वळसा घालून चालली होती. मागून मास्तर छत्री काखोटीला मारून तिकडूनच. बातमी वस्तीभर पसरली असणार; रस्ता सगळ्यांचा झाला आणि शरमेने एकही माणूस त्याच्यावर फिरकला नाही. मला हसू येईना आणि रडूही.

तात्यांना येऊन सांगितलं. ते उठले, सदरा घातला, टोपी घातली. मला वाटलं, एस.टी. स्टँडवर पोचवायला निघाले. पण ते खालच्या अंगाला, वस्तीकडे वळले. मी बॅग घेऊन मागे. पहिल्या घरासमोर ते थांबले आणि बोटीवरच्या त्या खड्या आवाजात म्हणाले, "मास्तरीणबाई, तात्या जातोय हां!" आतून भांडं पडल्याचा आवाज आला आणि मग, "जा हो तात्या!" मग पुढचं घर. मग त्याच्या पुढचं. ही वाट त्यांच्या अंगणातून जात होती, पण तिच्यावरून ते असे कधी गेलेच नव्हते. माझी गाडी चुकली. दुपारची मिळाली.

पुण्याला रात्री पोचलो. आमच्या बोळात वळताच खालच्या खिडकीत एक म्हातारे गृहस्थ दिसले. ते रोजच तिथे बसतात. बोळाची रुंदी साडेसात फूट, सार्वजनिक, ही नोंद माझ्याच हातची. मी थांबलो, त्यांना हाक मारायला तोंड उघडलं, आणि मला त्यांचं नाव ठाऊक नव्हतं.