पाटी कुणाच्या नावावर

भिंगारच्या बाजारात कॉम्प्युटर क्लास चालवणारे ते गृहस्थ बोलण्याआधीच हसायचे. केडगावात मी मसाले करून विकत होते. धंद्याची वेबसाइट काढायची म्हणून धाकट्या दिरांबरोबर त्यांच्याकडे जाणं व्हायचं.

"ताई, डोमेन म्हंजे दुकानाची पाटी, होस्टिंग म्हंजे गाळा," ते टेबलावर बोटानं चौकोन काढत सांगायचे. "गाळा कवाबी बदला, पाटी सोडू नका." समोरच्यानं मान हलवेपर्यंत ते हेच पुन्हा सांगत आणि दर वेळी नव्यानं हसत.

डोमेनच्या नोंदणीच्या दिवशी फोनवरून इंटरनेटची लाइन लागली, तेव्हा दीर म्हणाले, "मालक म्हणून माझं नाव टाका. वहिनीला यातलं काय कळतं?"

क्लासवाले गृहस्थ पहिल्यांदाच हसले नाहीत. "मसाले कोन करतं?"

"वहिनी."

"मग पाटी त्यांचीच. उद्या घरात वाटन्या झाल्या तर?" असं म्हणून त्यांनी कीबोर्ड माझ्याकडे सरकवला.

दिरांनी ओशाळून आपली खुर्ची मागे घेतली. मी एकेक अक्षर शोधून माझं नाव टाइप करू लागले.

"सावकाश, ताई. लाइन तुटली तर परत लावू."

"आडनाव माहेरचं टाकू की सासरचं?" मी विचारलं.

आता मात्र ते खो खो हसले. "पाटी तुमची हाय. मला काय इचारता?"