मावशीने थंड ठेवलेलं मशीन

माझी मावशी हॉस्पिटलात एमआरआयचं मशीन चालवते. अठरा वर्षं झाली. खोलीत गारठा म्हणून भर उन्हाळ्यात स्वेटर. बाबा तिला फ्रीजबाई म्हणतात, ती त्यांना, तुमचं घरात कुणी ऐकत नाही, म्हणून चिडवते.

मार्चमध्ये बाबांना एकाचे दोन दिसायला लागले. त्यांनी तेही हसण्यावारी नेलं. डॉक्टर मात्र म्हणाले, स्कॅनशिवाय ऑपरेशनचं ठरवता येणार नाही, आणि उशीर नको.

नेमका तेव्हाच हेलियम यायचा थांबला. हा गॅस मशीनच्या पोटात असतो, त्याने आतलं चुंबक थंड राहतं. जिथून यायचा तिथे लढाई पेटली, आणि दुसऱ्या देशाने आमचं आम्हालाच पुरेना म्हणत निर्यातच बंद केली. चार महिने तरी गॅस मिळणार नाही म्हणत कंपनीने हात वर केले. मग हॉस्पिटलच्या मोठ्या साहेबांनी हुकूम काढला, गॅस वाचवायला मशीन बंद. आणि बंदच आहे तर चिलर कशाला चालवायचा, तोही बंद.

मावशीचं डोकंच फिरलं. अहो, स्कॅन केल्याने गॅस संपत नाही! गार ठेवणारा चिलर थांबला की तो तापून उडून जातो. पण कागद निघाला होता. दुपारी इलेक्ट्रिशियन आला तर ही चिलरच्या पॅनलला पाठ लावून स्टूलवर, मांडीवर डबा.

"ताई, मला वरून सांगितलंय," तो बिचारा म्हणाला.

"मग वरच्यांना खाली पाठव. मी जेवतेय."

साहेब तणतणत आले. तिने वही पुढे केली. मशीनमधल्या गॅसचा रोजचा आकडा तिच्या अक्षरात, जवळजवळ हललेलाच नाही. फक्त गेल्या वर्षी चिलर बिघडला त्या दिवशी धाडकन खाली. साहेब बराच वेळ वाचत राहिले. मग म्हणाले, चालू राहू दे. स्कॅनपण.

बाबांना तिने पुढे घुसवलं नाही. चौथ्या दिवशी नंबर आला. तोवर मी तिच्याशी बोलत नव्हते, आता आठवलं की लाज वाटते. स्कॅनमध्ये डोक्यात गाठ दिसली, पण छोटी निघाली. काढलीसुद्धा.

गॅस अजून आलेला नाही. मी रोज सकाळी कॉलेजच्या बसमधून तिला मेसेज करते, आज किती? ती आकडा पाठवते आणि लिहिते, बाहेर स्कॅनला सात जण बसलेत, जाते.