भावासमोर विचारलेला प्रश्न

सेलूच्या कॉलेजात मराठी शिकवणाऱ्या सिद्धोधन सरांची एक खोड होती. कुणी संशोधनाचा निबंध वाचायला उभं राहिलं, की सर आधी विचारायचे, "हे जगलेलं आहे का ऐकीव?" दलित साहित्यावर पोसलेला माणूस. ज्यानं सोसलं त्यानंच लिहावं, ही त्यांची ठाम समजूत, आणि या एका प्रश्नानं त्यांनी भल्याभल्यांची बोबडी वळवली होती. त्याचा त्यांना अभिमानही होता, खोटं कशाला बोला.

धम्मशीला पाथरीजवळच्या खेड्यातली. समलिंगी माणसांच्या मराठी कथा-कविता आणि त्यांची चळवळ, असा विषय तिनं पीएचडीसाठी मागितला तेव्हा विभागातले काहीजण खुसुखुसु हसले. सरांनी त्यांना झाडलं. आपल्याही कवितांना लोक असेच हसायचे, म्हणाले आणि मार्गदर्शक म्हणून सही ठोकली. पोरीनंही जीव ओतून काम केलं.

तिच्या वाचनाच्या दिवशी थोरला भाऊ तिला मोटारसायकलवर घेऊन आला आणि बाहेर लिंबाखाली थांबला. सरांनाच राहवलं नाही. उन्हात कशाला, म्हणत त्यांनी त्याला आग्रहानं आत आणलं, मागच्या बाकावर बसवलं. धम्मशीला उभी राहिली आणि सरांनी सवयीनं तोच प्रश्न विचारला.

तिची नजर मागच्या बाकावरच्या भावाकडे गेली. मग खाली बघून म्हणाली, "ऐकीव." सर हिरमुसले. मग याला धार कुठून येणार, असं सगळ्यांदेखत बोलूनही गेले. तिनं कसंबसं वाचन उरकलं आणि त्यानंतर ती कॉलेजात फिरकली नाही. रागावली असेल, येईल चार दिवसांनी, म्हणत सरांनी महिने घालवले. फोनही लागेना, तेव्हा एका रविवारी पाथरीची एसटी धरली आणि तिचं घर गाठलं.

तिची आई सरजाबाई चहा टाकायला आत गेली. सर म्हणाले, काम अर्धवट टाकू नकोस, अजून वेळ गेलेली नाही. धम्मशीलेनं नकारार्थी मान हलवली आणि आत आईला ऐकू जाणार नाही अशा आवाजात सगळं सांगितलं. त्या दिवशी परत येताना भावानं वाटेत गाडी थांबवून तेच विचारलं होतं, आणि त्याच्याशी तिला खोटं बोलता आलं नव्हतं. घरात त्यानं कारण सांगितलं नाही, फक्त शिकणं पुरे म्हणाला. तेव्हापासून ती गल्लीतल्या लेकरांच्या शिकवण्या घेत होती.

माझं चुकलं, सर म्हणाले. पण आपण दलित तर ओळख सांगूनच उभे राहिलो ना, असंही पुटपुटले.

"आपली जात साऱ्या गावाला आधीच ठाऊक असती, सर," ती म्हणाली. "लपवायची म्हणलं तरी लपत न्हाई. माझं फकस्त मलाच ठाऊक होतं. कुणाला सांगायचं, कवा सांगायचं, एवढंच माझ्या हातात होतं."

सरजाबाई चहा घेऊन आली, तशी ती गप्प झाली. लेकीला परत कॉलेजात न्यायला आलात का, असं सरजाबाईनं मोठ्या आशेनं विचारलं. सरांनी आधी धम्मशीलेकडे बघितलं.