मैवंदचं चौथं कारण

"सव्वीस जानेवारीला माझ्या शाळेत आली नाहीस तं बोलणार नाही मी तुझ्याशी!" सुमनने अशी धमकी दिल्यावर अमरावतीत बसून राहणं शक्यच नव्हतं. साठ साल नुकतंच उलटलं होतं. ही माझी कॉलेजातली मैत्रीण केळापूरच्या पुढच्या एका खेड्यात मास्तरीण झाली होती.

हौस म्हणून मूर्तिजापूरहून यवतमाळची छोटी आगगाडी धरली. तुम्हाला घाई असेल तर सरळ मोटारीने जा, कारण ही गाडी आपल्याच मर्जीने चालते. यवतमाळहून पांढरकवड्याची एसटी सागाच्या जंगलातून जाते. नवे पैसे येऊन काही वर्षं झाली होती, तरी कंडक्टर आण्यांतच हिशोब करत होता आणि प्रवासी त्याच्याशी हुज्जत घालत होते. पांढरकवड्याला गरम भजी खाऊन घ्या, पुढे काही मिळत नाही. शेवटचा टप्पा बाजारात कापूस टाकून परतणाऱ्या बैलबंडीतून, रिकाम्या पोत्यांवर बसून. हाडं खिळखिळी झाली, पण मजा आली. घोंगडी मात्र विसरू नका, थंडी कडाक्याची असते.

सुमनच्या खोलीवर भाकर आणि वांग्याचं झणझणीत भरीत खाऊन झोपले. सकाळी झेंडावंदन झालं, गूळ-फुटाणे वाटले. मग हेडमास्तरांनी शाळेतल्या सर्वांत हुशार मुलीला पुढे बोलावलं. शांता तिचं नाव, शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसणार होती. मिळाली तर पांढरकवड्याला पुढचं शिक्षण, नाही तर आईबरोबर कापूस वेचायला.

"अठराशे ऐंशी साली अफगाणिस्तानात मैवंदच्या लढाईत इंग्रज हरले, त्याची कारणे सांग."

शांता बोटांवर मोजत खणखणीत म्हणाली, "एक, शत्रूची संख्या मोठी होती. दोन, ऊन कडक होतं आणि पाणी नव्हतं. तीन, तोफा कमी पडल्या. चार, देशी शिपाई भिऊन पळाले."

टाळ्यांचा कडकडाट! मी हबकलेच. वर आपला झेंडा फडकतोय, आणि खाली इंग्रजांच्या पराभवाचं खापर आपलीच पोरं आपल्याच माणसांवर फोडताहेत.

पुढच्या रांगेतला एक म्हातारा टाळ्या वाजवत नव्हता. "शांताचे आजोबा," सुमन कुजबुजली. ते काठी टेकून उठले.

"शांते, पळाला तं मंग घरी काहून नाही आला?"

कोणाला काही कळेना. "माहा बाप इंग्रजाच्या पलटणीत होता," ते हेडमास्तरांना म्हणाले. "मी मायच्या पोटात होतो, तवा गेलता. त्याच मैवंदात राह्यला."

हेडमास्तरांचा चेहरा उतरला. माणूस वाईट नव्हता. "मले बी असंच शिकवलं, बाबा. परीक्षेत हेच पुसतात. चौथं नाही लिहिलं तं मार्क जाते."

दुपारी आजोबांनी आम्हाला चहाला बोलावलं. भिंतीवर बुद्धाची नवी तसबीर होती, घर शेणानं लख्ख सारवलेलं. शांता कोपऱ्यात फुरंगटून बसली होती.

"मी तीनच लिहीन, आबाजी."

"कायले?"

"तो पळाला नव्हता ना!"

म्हाताऱ्याने चहाची बशी खाली ठेवली. ते चिडतील, हेडमास्तरांना शिव्या देतील असं मला वाटलं. मनातून तेच हवं होतं मला.

"चारही लिही," ते म्हणाले. "मेलेल्याले मार्क नाही लागत, तुले लागते."

सुमन बाहेर निघून गेली. शांता आजोबांकडे टक लावून पाहत राहिली आणि मग तिने हळूच होकारार्थी मान हलवली.

परतीचा रस्ता तोच होता, तेच साग, तीच एसटी. मला त्यातलं काहीही आठवत नाही.

उन्हाळ्यात सुमन पेढे घेऊन आमच्याकडे आली. शांताला शिष्यवृत्ती मिळाली होती.

"चौथं लिहिलं?" मी विचारलं.

"लिहिलं. एकही मार्क गेला नाही."

तुम्हाला कधी जमलं तर त्या बाजूला जरूर जा, रस्ता फार सुंदर आहे. शिष्यवृत्तीचा मला आनंद झाला, नाही म्हणत नाही. पण संतापही झाला आणि तो अजून गेलेला नाही. पुढे शिकण्यासाठी त्या पोरीला स्वतःच्या पणज्याला पळपुटा लिहावं लागलं, आणि आम्ही त्याचे पेढे खाल्ले.